बियाण्यातले औषध आणि बाटलीतले औषध



आजच्या भाषणाचा विषय आहे शेतीतील आणि औषधोपचारातील जैवतंत्रज्ञान. नाव जरा जड आहे. पण ही गोष्ट आपल्या पऱ्हाटीत आहे, आपल्या घरात आहे, आणि तिच्यापायी आपला पैसाही अडकलेला आहे. म्हणून अर्धा घटका शांतपणे ऐका, आणि पत्रक हाती आल्यावर पुन्हा एकदा वाचून काढा.

मागे एका गावी कापसाच्या पाहणीला गेलो होतो. धुऱ्यावर एक वयस्क शेतकरी भेटले. हातात फुटलेली चार बोंडे होती. एक बोंड माझ्यापुढे उकलून ते म्हणाले, "साहेब, बियातच औषद हाये म्हणता, मंग पाठीवर पंप कायले बांधू मी?"

बोंडात गुलाबी अळी होती. सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. असला कवडी कापूस वेचायला मजूरही मिळत नाही, आणि वेचला तर व्यापारी भाव पाडून मागतो.

बाबांचा प्रश्न रास्त होता. त्यांना तिथे उभ्या उभ्या जे सांगितले, तेच आज जरा सविस्तर सांगतो.

जैवतंत्रज्ञान म्हणजे काय?

सजीवाकडून आपल्याला हवे ते काम करून घेणे, म्हणजे जैवतंत्रज्ञान. या अर्थाने ते आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. रात्री दुधाला विरजण लावले की सकाळी दही होते. हे काम विरजणातले जिवाणू करतात. हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे झाड उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसतात. त्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. पेरणीपूर्वी आपण बियाण्याला रायझोबियम चोळतो, तेही जैवतंत्रज्ञानच.

गेल्या पन्नासएक वर्षांत शास्त्रज्ञ एक पाऊल पुढे गेले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या अंगचे गुण कसे घडवायचे याची कृती लिहिलेली असते. घरात लाडवाची कृती लिहून ठेवतात ना, तशीच. अशा एका कृतीला जनुक म्हणतात. एका सजीवातले जनुक काढून दुसऱ्या सजीवात बसवता आले, तर दुसराही तो पदार्थ तयार करू लागतो. नव्या जैवतंत्रज्ञानाचे मूळ एवढेच.

याचा पहिला मोठा उपयोग झाला तो दवाखान्यात. आज गावोगावी मधुमेहाचे रोगी आहेत. काहींना रोज इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. घरी फ्रीज नाही म्हणून ओल्या मडक्यात इन्सुलिनची बाटली जपून ठेवणाऱ्या माउल्या आपण पाहिल्या असतील. हे इन्सुलिन 1921 मध्ये कॅनडातील टोरांटो येथे शोधले गेले. पुढे साठ वर्षे ते डुकरांच्या व गुराढोरांच्या स्वादुपिंडातून काढत. जनावरे लागत पुष्कळ, औषध निघे थोडे, आणि काहींना त्याची बाधाही होई. मग शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनची कृती, म्हणजे जनुक, एका जिवाणूत बसवले. जिवाणू वाढत गेले आणि इन्सुलिन तयार करीत गेले. 1982 मध्ये अमेरिकेत या इन्सुलिनला परवानगी मिळाली. आज आपल्या तालुक्याच्या औषध दुकानात मिळणारे इन्सुलिन बहुतेक करून याच रीतीचे असते.

बाळांना कावीळ बी ची लस देतात. तीही अशीच. पाव फुगवणारे जे यीस्ट, त्यात या विषाणूच्या कवचाचे जनुक बसवून लस तयार होते. आपल्या देशात हैदराबादेत 1997 मध्ये ती तयार होऊन बाजारात आली. तोवर ती परदेशातून येई आणि गरिबाला परवडत नसे.

बीटी म्हणजे काय?

आता शेतात येऊ. जमिनीत एक जिवाणू आढळतो. त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. या नावातील दोन शब्दांची आद्याक्षरे म्हणजे बीटी. 1901 मध्ये जपानात रेशमाचे किडे पटापट मरू लागले, तेव्हा इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञांना हा जिवाणू सापडला. पुढे 1911 मध्ये जर्मनीत, थुरिंगिया प्रांतातल्या पिठातील अळीत, बर्लिनर या शास्त्रज्ञांना तो पुन्हा सापडला. त्या प्रांतावरूनच त्याला नाव पडले.

या जिवाणूच्या अंगात एक प्रथिन असते. अळीच्या पोटात ते गेले की तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळते, आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटते आणि त्याला छिद्रे पाडते. अळी खाणे सोडते आणि दोन-चार दिवसांत मरते. माणसाच्या व गुरांच्या पोटातला रस आंबट असतो, आणि हे प्रथिन जिथे चिकटते ती जागाही आपल्या आतड्यात नसते. म्हणून अळीला जे विष, ते आपल्याला विष नाही. या जिवाणूची भुकटी पाण्यात मिसळून भाजीपाल्यावर फवारण्याची पद्धत पुष्कळ जुनी आहे.

शास्त्रज्ञांनी या जिवाणूतले त्या प्रथिनाचे जनुक कापसाच्या झाडात बसवले. झाड आपल्या पानांत, पात्यांत व बोंडांत ते प्रथिन स्वतःच तयार करू लागले. हाच बीटी कापूस. आपल्या देशात केंद्र सरकारच्या समितीने 2002 मध्ये त्याला परवानगी दिली. पहिल्या वाणांत असे एकच प्रथिन होते. 2006 मध्ये दोन प्रथिनांचे वाण आले. त्यांना आपण बीटी-दोन म्हणतो.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली, हे खोटे नाही. त्यापूर्वीचा काळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. हिरव्या बोंडअळीवर एका हंगामात दहा-दहा, बारा-बारा फवारण्या करूनही अळी मरत नसे. बीटी आल्यावर बोंडअळीसाठीच्या फवारण्या एकदम कमी झाल्या. काही वर्षांतच देशातल्या कापसाच्या शंभर एकरांत नव्वदांहून अधिक एकर बीटीखाली आले. हिरव्या अळीवर आणि ठिपक्यांच्या अळीवर बीटीचा अंमल अजूनही बऱ्यापैकी टिकून आहे. बीटी बियाणे म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, असे मी म्हणणार नाही.

मग गुलाबी अळी का मरत नाही?

गुलाबी बोंडअळी, कुणी तिला शेंदरी बोंडअळी म्हणतात, ही आपल्याच मातीतली कीड. तिची पहिली शास्त्रीय नोंद 1843 मध्ये झाली, तीही गुजरातेतील भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो असे काहीही खाते. गुलाबी अळीचा संसार मात्र जवळजवळ सगळा कापसावरच चालतो. फार तर थोडी भेंडी, थोडी अंबाडी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

2010 मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत ही अळी एका प्रथिनाच्या बीटीला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. त्यानंतर चार-पाच वर्षांत तिने दोन प्रथिनांचे बीटीही पचवले. आणि 2017 च्या हंगामात आपल्या महाराष्ट्रात काय झाले, ते मी सांगायला नको. उभी पऱ्हाटी लोकांनी नांगरून टाकली, कुणी त्यात गुरे सोडली.

असे का झाले? नीट समजून घ्या.

लाखो अळ्यांत एखादी अळी जन्मतःच वेगळी असते. तिच्या आतड्यात ते प्रथिन नीट चिकटत नाही. सगळ्या रानात बीटी कापूस असला की बाकीच्या अळ्या मरतात आणि ही एकटी वाचते. अशा वाचलेल्या अळ्यांचे पतंग होतात, त्यांचे आपसात मीलन होते, आणि त्यांची पिल्ले आईबापांचा तो गुण घेऊन जन्मतात. एका मादीची शंभर-दोनशे अंडी. साधारण महिनाभरात पुढची पिढी उभी. वर्षामागून वर्षे असे चालले की रानात फक्त पचवणाऱ्या अळ्याच उरतात. चाळणीने पीठ चाळावे तसा आपण कीड चाळत गेलो. गाळून खाली पडले ते मेले, चाळणीत राहिले ते वाढले.

दवाखान्यातही असेच घडते. क्षयाच्या रोग्याला साधारण सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येते, आणि रोगी म्हणतो, आता बरे झाले, कशाला गोळ्या! पण शरीरात जे थोडे जंतू उरलेले असतात ते सर्वांत चिवट असतात. औषध सोडले की तेच वाढतात. मग जुने औषध लागू पडत नाही, आणि नवे औषध जास्त महाग, जास्त त्रासाचे. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग यांना 1945 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या भाषणात त्यांनी याच गोष्टीचा इशारा दिला होता. औषध अपुरे घ्याल तर जंतू मरायचे नाहीत, उलट औषधाला सरावतील, असे त्यांचे म्हणणे होते.

तेव्हा बंधूंनो, बियाण्यातले औषध असो की बाटलीतले, त्याची धार बेशिस्तीने बोथट होते. आणि एकदा बोथट झाली की ती एकट्यासाठी नव्हे, सगळ्या गावासाठी बोथट होते.

आश्रयाच्या ओळी कशासाठी होत्या?

शास्त्रज्ञांना हा धोका आधीपासून ठाऊक होता. म्हणून बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचे बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट येत असे. ते शेताच्या चारी कडांनी लावायचे असे. आठवते ना? पुष्कळांनी ते बांधावर फेकून दिले. काहींना वाटले, हे हलके बियाणे कंपनीने गळ्यात मारले.

त्याचा उपयोग असा होता. बिगर-बीटी झाडांवर साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे पुष्कळ पतंग होतात. बीटीतून वाचलेला एखादा पतंग या साध्या पतंगांच्या गर्दीत सापडतो आणि त्यांच्यापैकी एकाशी त्याचे मीलन होते. बीटी पचवण्याची ताकद आई आणि बाप दोघांकडून आली तरच पुरी पडते. एकाकडूनच आली तर पिल्लू बीटीवर मरते. म्हणजे चार ओळी अळीला खाऊ घातल्या की बाकीचे रान वाचते. आपण त्या ओळी वाचवायला गेलो आणि रान गमावले.

पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे बरोबर नाही. ज्याला तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याला पाच ओळी अळीसाठी सोडा म्हणणे सोपे, करणे अवघड. त्या ओळी का लावायच्या, हे आम्ही विस्तार कार्यकर्त्यांनी पुरेसे पटवून दिले नाही. ते छोटे पाकीट नेहमी चांगल्या बियाण्याचे असेच असे नाही. शिवाय आपल्याकडचे बहुतेक संकरित वाण लांब मुदतीचे. पाणी असले की फरदड घेऊन पीक मार्च-एप्रिलपर्यंत उभे. म्हणजे गुलाबी अळीला बारमाही अन्नछत्र! दोष सगळ्यांचा थोडा थोडा, आणि भुर्दंड मात्र एकट्या शेतकऱ्याला.

अलीकडे हे बिगर-बीटी बियाणे वेगळे येत नाही. 475 ग्रॅमच्या पिशवीतच 5 ते 10 टक्के बिगर-बीटी बियाणे मिसळलेले असते. शेतात मधूनच एखाद्या झाडावर अळ्या जास्त दिसल्या तर बियाण्यात भेसळ आहे असे लगेच समजू नका.

अमेरिकेत काय झाले, तेही ऐका. ही गुलाबी अळी तिथेही पोचली होती. ॲरिझोना राज्यात 1996 पासून बीटी कापूस आला. तिथल्या शेतकऱ्यांनी आश्रयाच्या ओळी नेमाने लावल्या, आणि दहा वर्षे अळी बीटीला सरावली नाही. मग 2006 पासून त्यांनी कारखान्यात वाढवलेले वांझ पतंग विमानातून रानांवर सोडले, पऱ्हाटी वेळेवर काढली, गंधसापळे लावले. 2018 मध्ये त्यांच्या सरकारने आपल्या कापूस पट्ट्यातून ही कीड नाहीशी झाल्याचे जाहीर केले. अळी तीच, बीटी तेच. फरक पडला तो सगळ्यांनी मिळून पाळलेल्या शिस्तीने. त्यांची रानेही मोठी आणि साधनेही जास्त, हे खरे. विमाने आपल्याजवळ नाहीत. पण अळीची उपासमार करणे आपल्या हाती आहे, आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही.

आता करायचे काय?

गुलाबी अळी मुख्यत्वे कापसावर जगते, हे मघाशी सांगितले. म्हणून वर्षातले चार-पाच महिने गावच्या शिवारात हिरवा कापूस दिसता कामा नये. हा सगळ्यांत मोठा उपाय. बाकीचे उपाय त्याच्या मागून.

पेरणीच्या वेळी: जून उजाडण्याआधी कापूस लावू नका. मे महिन्यात लावलेल्या कापसाला लवकर पात्या-फुले येतात आणि जमिनीतून निघालेल्या पहिल्या पतंगांना आयते घर मिळते. चांगला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, जमिनीत ओल पुरती मुरल्यावर पेरा. वाण 150 ते 160 दिवसांत आटपणारा निवडा. बियाणे परवानाधारक दुकानातूनच घ्या, पक्की पावती घ्या, आणि पावती, पिशवी व चिमूटभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. चोरून येणारे, बिनलेबलाचे बियाणे घेऊ नका. ते उगवले नाही तर दाद मागायला जागा उरत नाही.

पीक 45 दिवसांचे झाल्यावर: एकरी दोन गंधसापळे लावा. सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, त्या वासाने नर पतंग येऊन अडकतात. सापळा झाडाच्या शेंड्याच्या थोडा वर टांगा. गोळी पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदला. रोज सकाळी पतंग मोजा आणि भिंतीवर कोळशाने का होईना, लिहून ठेवा. लागोपाठ तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजा. प्रादुर्भाव वाढतोय असे दिसले तर पतंग पकडण्यासाठी एकरी आठ ते दहा सापळे लावावेत.

फुले लागल्यावर: शेतात फिरताना डोमकळ्या पाहा. गुलाबासारखी मिटलेली, पाकळ्या एकमेकींना चिकटलेली कळी म्हणजे डोमकळी. तिच्या आत अळी असते. अशा कळ्या तोडून घमेल्यात जमवा आणि अळ्यांसकट नष्ट करा. तोडून शेतातच टाकू नका. हे काम पोरेबाळेही करू शकतात, फक्त फवारणी झालेल्या रानात त्यांना पाठवू नका. पात्या लागताना 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, 100 लिटर पाणी करावे. अंडी घालणारा पतंग त्याने दूर राहतो. ट्रायकोग्रामा नावाची बारीक माशी बोंडअळीची अंडीच नष्ट करते. तिची कार्डे मिळाली तर फुलोऱ्यात एकरी 60 हजार अंड्यांच्या हिशेबाने पानांच्या खालच्या बाजूला टाचा. त्याच्या मागेपुढे आठवडाभर जहाल औषध फवारू नका, नाहीतर आपली मित्रकीडच मरेल.

बोंडे लागल्यावर: वरून बोंड चांगले दिसते म्हणून निश्चिंत राहू नका. लहान अळी बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. आत गेलेल्या अळीवर फवारणीचा काही उपयोग होत नाही. म्हणून दर आठवड्याला एकरातून, आडव्या-उभ्या ओळींतून फिरत, 20 हिरवी बोंडे तोडा आणि दगडाने ठेचून आत पाहा. वीसांत दोन किंवा जास्त बोंडांत अळी असली, तर फवारणी करा. एकही नसेल, तर शेजारी फवारतो म्हणून आपण फवारू नका. औषध कोणते व किती, हे त्या वर्षीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे कृषी सहायकाला विचारून ठरवा. दुकानदाराच्या सांगण्यावरून तीन औषधांची मिसळ करू नका.

डिसेंबरअखेर: पीक संपवा. फरदड घेऊ नका. दोन वेचण्यांचा मोह पुढच्या सगळ्या हंगामावर पाणी फिरवतो. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या चारून घ्या, पण फवारणी होऊन पुरेसे दिवस गेलेत ना, हे आधी पाहा. मग पऱ्हाटी उपटा. गंजी घालून घराशेजारी पावसाळ्यापर्यंत ठेवू नका, कारण नख्यांत आणि सरकीत अळी झोपून राहते. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून खत करावे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू द्या. पुढच्या वर्षी त्या रानात सोयाबीन, ज्वारी किंवा तूर घ्या.

हे एकट्याने करून भागत नाही. आपण पऱ्हाटी काढली आणि शेजारच्या रानात मार्चपर्यंत कापूस उभा राहिला, तर पतंगाला बांध अडवत नाही. म्हणून ग्रामसभेत बसा, पारावर बोला, आणि गावाची एक तारीख ठरवा. त्या तारखेला गावातली शेवटची पऱ्हाटी निघाली पाहिजे. गावाजवळ जिनिंग असेल तर तिथल्या सरकीच्या ढिगातूनही पतंग उडतात. जिनिंगवाल्यांना भेटून आवारात गंधसापळे आणि प्रकाशसापळे लावायला सांगा.

फवारणी करताना जिवाची काळजी

2017 च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. डोक्याएवढी दाट पऱ्हाटी, दमट हवा, औषधांची मिश्रणे, आणि अंगावर साधा सदरा. औषध तोंडाने नव्हे, कातडीतून आणि श्वासातून आत गेले.

तेव्हा वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. भर दुपारी फवारू नका. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगभर कपडे आणि पायात बूट घाला. हाताने द्रावण ढवळू नका, तोंडाने नोझल फुंकू नका. फवारताना तंबाखू-बिडी नको. घरी आल्यावर साबणाने अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. डोके गरगरले, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली, फार घाम सुटला, तर कपडे बदलून, अंग धुऊन तडक दवाखाना गाठा. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमका उपचार करता येईल. मजुराकडून फवारणी करवून घेत असाल तर त्याचेही साहित्य तुम्हीच द्या. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस आहे.

घरातले आणि गोठ्यातले औषध

जी शिस्त रानात, तीच घरात. क्षयाच्या गोळ्या डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत घ्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. सर्दी-पडशाला कुणा शेजाऱ्याच्या उरलेल्या जंतुनाशक गोळ्या घेऊ नका. इन्सुलिन चालू असेल तर बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. इन्सुलिनला रोग सरावत नाही, पण बंद केले तर रोगी धोक्यात येतो. इन्सुलिन उन्हात ठेवू नका, आणि बर्फातही गोठवू नका.

गायीला, म्हशीला कासेचा दाह झाला की दोन इंजेक्शनांनंतर सूज उतरते आणि आपण डॉक्टरांना पुन्हा बोलावत नाही. तसे करू नका. ठरलेले उपचार पुरे करा, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध विकू नका. नाहीतर तेच औषध थोडे थोडे आपल्या लेकरांच्या पोटात जाते.

शेवटी, धुऱ्यावरच्या बाबांकडे परत येतो. माझे सगळे ऐकून घेतल्यावर ते थोडा वेळ बोंडाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे बी चांगलं होतं, पन आपून त्याले एकटं सोडलं." मला यापेक्षा चांगले सांगता आले नसते. त्या वर्षी त्यांनी डिसेंबरात पऱ्हाटी काढली. शेजाऱ्यांनाही ते सांगत फिरले. काहींनी ऐकले, काहींनी नाही. पुढच्या हंगामात त्यांच्या रानात अळी नव्हतीच असे नाही, पण उशिरा आली आणि कमी आली. त्यांच्या आधीच्या वेचण्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या.

नवे शास्त्र येईल, नवे वाण येतील. ते घ्या, पण जे शास्त्र हाती आहे त्याची धार आधी सांभाळा.

लक्षात ठेवा

1. जूनपूर्वी कापूस लावू नये. 150 ते 160 दिवसांचा वाण निवडावा.
2. 45 दिवसांनी एकरी 2 गंधसापळे. तीन दिवस रोज 8 पतंग म्हणजे धोक्याची खूण.
3. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात.
4. दर आठवड्याला 20 बोंडे फोडून पाहावीत. 2 किडकी निघाली तर फवारणी.
5. औषधांची मिश्रणे करू नयेत. फवारताना अंग झाकावे.
6. डिसेंबरअखेर पीक संपवावे. फरदड नको.
7. सगळ्या गावाने एकाच तारखेला पऱ्हाटी काढावी.
8. माणसाचे असो वा जनावराचे, जंतुनाशक औषध अर्धवट सोडू नये.

आपल्या शंका पत्राने कळवा किंवा आपल्या कृषी सहायकाला गाठून विचारा.